रिमेक पाहताना मी आधी भीती शोधतो

बडोद्यातल्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: "घरी मराठी, बाहेर गुजराती असं आमचं चालतं. मी आधी हिंदी 'शैतान' पाहिला, मग गुजराती 'वश'. मैत्रिणींमध्ये वाद झाला की मूळ चित्रपटच नेहमी चांगला असतो. तसं असतं का? दोन चित्रपटांची तुलना करायची तरी कशी? तुमचे आवडते कोणते? आणि आम्हाला एका गुजराती एकांकिकेचं मराठी रूपांतर करायचंय, त्याला यातून काही मदत होईल का?"

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा, कारण माझं कामच ते आहे. गुजराती नाटकं मराठीत आणि मराठी नाटकं गुजरातीत आणण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या कामातून एक कसोटी हाताशी आली. रिमेक पाहताना मी तीच लावतो आणि तिनं क्वचितच दगा दिलाय.

कथा एका भाषेतून दुसरीत नेताना नावं, गाव, जेवण, देव, नातेवाईक, पोशाख, धंदा, सगळं बदललं तरी चालतं. पुष्कळदा बदलावंच लागतं. पण त्या माणसाला कशाची भीती वाटते, ती गोष्ट हलवायची नाही. भीती म्हणजे भुताखेतांचीच असं नव्हे. डोक्यावरचं छप्पर जाईल, अब्रू जाईल, पोरीचं काही बरंवाईट होईल, सावकार दारात उभा राहील, याही भीत्याच. कथेतलं प्रत्येक पात्र जे काही करतं ते तिच्यापायी करतं. ती काढून घेतली की प्रसंग तेच राहतात, माणसं तेच बोलतात, पण का बोलतात ते कळेनासं होतं. म्हणून मूळ चांगलं की नवं, या वादात मी शिरत नाही. मूळ चित्रपटात भीती कशाची होती आणि नव्यात तिचं काय झालं, एवढंच पाहतो.

तुमच्याच जोडीपासून सुरुवात करू. कृष्णदेव याज्ञिक यांचा 'वश' 2023 चा, त्याचाच हिंदी रिमेक म्हणजे विकास बहल यांचा 'शैतान' 2024 चा. मुलीची भूमिका दोन्हींत जानकी बोडीवाला हिचीच आहे आणि 'वश'साठी तिला 71 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत गौरवलं गेलं. एकाच नटीनं तीच भूमिका दोन भाषांत केलेली पाहायला मिळणं ही अभ्यासाची फार मोठी संधी आहे, ती सोडू नका. कथेतली भीती आईबापांची: एका परक्या माणसानं वश केलेली आपली मुलगी डोळ्यांसमोर आहे आणि तरी आपली राहिलेली नाही. हिंदीत ती शाबूत आहे, म्हणून 'शैतान' वाईट चित्रपट नाही. त्या परक्या माणसाचं काम आर. माधवन यांनी मनापासून केलंय.

पण दोन फरक मला ठळक दिसतात. पहिला, 'वश'मध्ये तेच काम करणाऱ्या हितेन कुमार यांचा. गुजराती प्रेक्षकांनी त्यांना वर्षानुवर्षं पडद्यावर पाहिलंय, घरातल्यासारखा चेहरा. प्रवासात भेटलेला असा गृहस्थ मुलीला काही खायला देतो, पुढे घराच्या दारात येतो, तेव्हा त्याला नाही म्हणणं आपल्याकडे जमत नाही. आलेल्या माणसाला पाणी विचारायचं, बसा म्हणायचं, ही सवय बडोद्यात मराठी घरातही तितकीच पक्की. 'वश'मधली भीती त्या सवयीतून आत येते. दुसरा फरक बापाच्या जागी अजय देवगण आल्याचा. त्यांना पाहिल्याबरोबर प्रेक्षक मनात कुठेतरी निर्धास्त होतो की हा माणूस शेवटी काहीतरी करणारच. 'वश'मधला बाप झालेल्या हितू कनोडियांच्या बाबतीत तशी खात्री मला वाटली नाही आणि तेच कथेच्या पथ्यावर पडलं.

देवगण यांचाच दुसरा रिमेक घ्या, म्हणजे मुद्दा पक्का होईल. 'दृश्यम' मूळ मल्याळम, 2013 चा, दिग्दर्शक जीतू जोसेफ, नायक मोहनलाल. हिंदी 2015 चा, निशिकांत कामतांचा. इथे मात्र देवगण पोलिसांचा मार खातात आणि हात उगारत नाहीत. नटाची प्रतिमा बाजूला ठेवून दिग्दर्शकानं माणसाची भीती सांभाळली. ही भीती सत्तेची आहे. चौथीपर्यंत शिकलेला केबलवाला एका बाजूला, पोलीस खात्यातली बडी अधिकारी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बायको-मुली. भारतात कुठल्याही गावात ही भीती नेऊन ठेवा, लोकांना ती ओळखीची वाटेल. म्हणून हा चित्रपट कन्नडमध्ये, तेलुगूत, तमिळमध्ये, सगळीकडे रुजला. तमिळ 'पापनासम' स्वतः जीतू जोसेफ यांनी केला. कमल हासन यांनी त्यात तिरुनेलवेलीकडची बोली धरली आणि माणूस त्या मातीतला झाला.

रूपांतरकारानं 'दृश्यम'मधून एक गोष्ट तर वहीत लिहूनच ठेवावी. मूळ चित्रपटात कुटुंब ख्रिस्ती आहे आणि घडलेला गुन्हा लपवण्यासाठी ते एका ध्यानशिबिराला गेलं होतं, असं सगळ्यांना सांगितलं जातं. हिंदीत गोव्यातल्या साळगावकर कुटुंबासाठी त्याचा सत्संग झाला. जोडीला पावभाजी आली, हॉटेल आलं, सिनेमाचा खेळ आला. शिबिराच्या जागी शिबिरच हवं असा हट्ट धरला नाही. गरज कशाची होती? भाविक कुटुंब आवर्जून जाईल आणि चार लोकांच्या लक्षात राहील अशा ठिकाणाची. ती गरज ओळखून वस्तू बदलली. रूपांतर म्हणतात ते याला. चिनी भाषेत 2019 साली याच कथेवर चित्रपट झाला, थायलंडमध्ये राहणाऱ्या चिनी कुटुंबाचा, आणि त्यात शेवटी बाप स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो. तो शेवट पाहताना मला फार चुटपुट लागली. सगळा चित्रपट ज्या भीतीवर उभा, ती तिथे अचानक संपते आणि तिच्या जागी धडा येतो.

निशिकांत कामत हा आपल्या मराठी मुलखानं अभिमानानं मिरवावा असा दिग्दर्शक. 2020 मध्ये ते गेले, फार लवकर. 2005 चा 'डोंबिवली फास्ट' त्यांनी स्वतःच 2007 मध्ये तमिळमध्ये 'एव्हनो ओरुवन' म्हणून केला, माधवन यांना घेऊन. मला मराठीच जास्त भावतो. माधव आपटेचा राग रोजच्या लोकलमध्ये साठलेला आहे. डब्यातली ती दाटी, ठरलेली वेळ, ठरलेले चेहरे. चेन्नईत शहराचा जाच आहे, पण ती लोकल तिथे नेता येत नाही. दिग्दर्शक तोच असूनही काही गोष्टी गाव सोडून येत नाहीत.

'सैराट' आणि 'धडक'बद्दल वाद घालताना लोक नायक-नायिकेच्या अभिनयावर घसरतात. मला तो दोष वाटत नाही. नागराज मंजुळे यांच्या 2016 च्या चित्रपटात भीती जातीची आहे आणि ती पूर्वार्धात, नाचगाण्यांच्या मधोमध पेरलेली आहे. वर्गात नव्या प्राध्यापकाच्या कानाखाली बसते तो प्रसंग आठवा. पाटलाच्या पोरानं मारलं, आणि नंतर समजूत कोणाची घातली जाते? त्या एका प्रसंगात करमाळ्याकडच्या त्या गावातली सगळी उतरंड कळते. पुढे विहीर, बोट, ऊस, गाणी, सगळं मोहक आहे आणि आपण मात्र आतून धास्तावलेले असतो. 2018 च्या 'धडक'मध्ये कथा उदयपूरला गेली, हवेल्या आल्या आणि जात उल्लेखापुरती उरली. राजस्थानात जात नाही असं थोडंच आहे? तिथली उतरंड तिथल्या तपशिलांनी दाखवता आली असती आणि चित्रपट कदाचित तितकाच हादरवणारा झाला असता. 'सैराट' जवळजवळ तीन तासांचा, 'धडक' सव्वादोन. गेला तो वेळ बराचसा परमुलखातल्या संसाराचा, असं मला दोन्ही लागोपाठ पाहताना वाटलं. हैदराबादच्या झोपडपट्टीत आर्चीला येणारी किळस, घरची आठवण, परश्याचा संशय, त्यांची भांडणं, हे सगळं रेंगाळतं म्हणूनच शेवट अंगावर येतो. अजय-अतुल यांचं संगीत दोन्हींकडे आहे, 'झिंगाट'सुद्धा दोन्हींकडे आहे. चाल गेली, भीती मागेच राहिली.

आता विनोदाकडे येतो, कारण ही कसोटी विनोदाला लागू पडत नाही असं माझे नाटकवाले मित्र म्हणतात. मला वाटतं, तिथेच ती सगळ्यांत जास्त लागू पडते. 'अशी ही बनवाबनवी' 1988 चा. त्याआधी हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' 1966 मध्ये येऊन गेला होता, महमूद, बिश्वजीत आणि केश्टो मुखर्जी असे नट, हेमंतकुमारांचं संगीत. हिंदी चित्रपट आज फार थोड्यांना आठवतो. मराठी चित्रपट तर बडोद्यात जन्मलेल्या, महाराष्ट्रात कधीच न राहिलेल्या मुलांनाही पाठ असतो. कथा तीच: खोली मिळावी म्हणून पुरुषांनी बायका होणं. 1980 च्या दशकात पुण्यात खोली मिळणं म्हणजे काय, हे ज्यांनी सोसलं त्यांना विचारा. रस्त्यावर येण्याची भीती खरी आहे म्हणून लुगडं नेसलेला लक्ष्या केविलवाणाही वाटतो आणि हसूही येतं.

दुसरं कारण वसंत सबनीसांची लेखणी. ज्यांनी 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलं त्यांच्या कानात वगाची सवाल-जवाबाची लय होती. चित्रपटातले संवाद नीट ऐका: एकानं टाकलेला शब्द दुसरा हवेतच झेलतो आणि उलटा टाकतो, तिसरा त्यावर चढतो. अशोक सराफ मध्येच किंचित थांबतात, त्या थांबण्यातही भीती असते की आता पकडले जाणार. कथा बाहेरून आली तरी बोलणं या मातीतलं झालं. म्हणून हा चित्रपट कुठून घेतलाय हे कळल्यावरही कोणाचा त्याच्यावरचा जीव कमी होत नाही, आणि होऊही नये. याच्यानंतर हीच कल्पना इतर भाषांतही गेली. 'धूमधडाका'ची वंशावळही अशीच: श्रीधर यांनी 1964 मध्ये तमिळमध्ये 'कादलिक्क नेरमिल्लै' केला, 1966 मध्ये स्वतःच हिंदीत 'प्यार किये जा' केला आणि 1985 मध्ये महेश कोठारेंनी तो मराठीत आणला. शरद तळवलकरांचा बाप पाहून कोणाला वाटेल की हा माणूस मूळचा तमिळ आहे?

मराठीकडून हिंदीत गेलेल्यांमध्ये 'पाठलाग' मला प्रिय. राजा परांजपे यांचा 1964 चा, आणि दोनच वर्षांनी राज खोसलांचा 'मेरा साया'. वकिलाची बायको वारली, आणि मग पोलिसांनी धरलेली एक बाई कोर्टात सांगते की मीच त्याची बायको. 'मेरा साया' रंगीत, उदयपूरचा, मदनमोहनांच्या चालींनी भारलेला. 'पाठलाग' कृष्णधवल, दत्ता डावजेकरांचं संगीत, गदिमांची गीतं. पुन्हा पुन्हा कानावर येणारं ते गाणं मराठीत आशाबाईंचं, हिंदीत लताबाईंचं. गाण्यांसाठी मी हिंदी लावतो. पण त्या वकिलाची घालमेल, म्हणजे हिच्यावर विश्वास ठेवला तर आपण इतके दिवस कुणासाठी रडलो, ही मला मराठीत अधिक बोचते. सावल्यांच्या कथेला काळा-पांढरा पडदा जास्त शोभतो, हे माझं मत. रंगीत 'मेरा साया'वर वाढलेल्यांना ते पटणार नाही.

रिमेक हा आजचा आजार आहे असं कोणी म्हटलं तर त्यांना दोन नावं सांगा, दोन्ही आपल्या बडोदा संस्थानाशी जोडलेली. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले. त्यांनी 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' 1917 मध्ये स्वतःच पुन्हा केला, 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावानं. म्हणजे भारतीय चित्रपटाचा पाया घालणाऱ्यानंच चार वर्षांत आपल्या चित्रपटाचा रिमेक केला. दुसरे मेहबूब खान, जन्म बिलिमोऱ्याचा, तेव्हाच्या बडोदा संस्थानातला. त्यांचा 'औरत' 1940 चा आणि 'मदर इंडिया' 1957 चा, कथा एकच. सरदार अख्तर यांच्या जागी नर्गिस आल्या, कृष्णधवलच्या जागी रंग आला, अनिल विश्वासांच्या जागी नौशाद आले. सावकार सुखीलाला मात्र दोन्हींत कन्हैयालालच! मला यात मेहबूब खानांची मोठी समज दिसते. सतरा वर्षांत देश स्वतंत्र झाला, कालवे आले, ट्रॅक्टर आले, पण शेतकरणीची भीती तीच आणि तिचा चेहराही तोच. 'मदर इंडिया'ची सुरुवात कालव्याच्या उद्घाटनानं होते, म्हातारी राधा सगळं मागे वळून पाहते. त्या चौकटीमुळे एका बाईचं दुःख देशाच्या गोष्टीत जाऊन बसलं. मूळ चित्रपटापेक्षा रिमेक मोठा झाल्याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही, त्यामुळे 'मूळच नेहमी चांगलं' हे मैत्रिणींचं म्हणणं इथेच निकालात निघतं.

भीती हरवली तरी चित्रपट तगतो, असं एक उदाहरण आहे आणि ते माझ्या कसोटीला थोडं अडचणीचं आहे. सिडनी ल्युमेट यांचा '12 अँग्री मेन' 1957 चा, खुनाच्या खटल्यावर एका खोलीत वाद घालणाऱ्या ज्यूरीचा, आणि त्यावरून केलेला बासु चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' 1986 चा. ज्यूरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिक. आपल्याकडे फौजदारी खटल्यांत ती तेव्हा उरलीच नव्हती. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच नव्हती. म्हणजे हिंदी चित्रपटातली ती खोली खऱ्या भारतात कुठेच नव्हती. ल्युमेट यांनी चित्रपट पुढे सरकेल तशी अधिक लांबीची भिंगं वापरली आणि कॅमेरा खाली आणला, त्यामुळे भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात. बासुदांकडे तेवढी कारागिरी दिसत नाही. पण पंकज कपूर चिडतात तेव्हा ज्यूरीचा प्रश्न विसरायला होतं, कारण झोपडपट्टीतल्या पोरानंच खून केला असणार ही खात्री आपल्या ओळखीची आहे. कायदा परका राहिला, पूर्वग्रह घरचा निघाला.

'मणिचित्रताळ'बद्दल एवढंच सांगतो की 1993 चा मूळ मल्याळम चित्रपट आधी पाहा. केरळातल्या वाड्यात बायकोच्या तोंडून तमिळ नर्तकी बोलू लागते, शोभना यांनी ते ज्या ताकदीनं केलंय त्याला तोड नाही. प्रियदर्शन त्या मूळ चित्रपटावर दुसऱ्या युनिटचे दिग्दर्शक होते आणि 2007 मध्ये त्यांनीच 'भूल भुलैया' केला. तमिळच्या जागी बंगाली आणण्याची त्यांची युक्ती हुशारीची आहे.

आधी कोणता पाहायचा? रहस्यकथा असेल तर मूळ आधी, सबटायटलसह. डब केलेली आवृत्ती टाळा, कारण त्यात नटाचा श्वास जातो आणि भीती बरीचशी श्वासात असते. कौटुंबिक किंवा विनोदी असेल तर आपल्या भाषेतला आधी पाहिला तरी बिघडत नाही. दोन्ही एका दिवसात मात्र पाहू नका, नाहीतर दुसरा पाहताना तुम्ही फक्त फरक मोजत बसाल. मध्ये चारआठ दिवस जाऊ द्या. दुसरा पाहायला बसण्याआधी पहिल्यातला जो प्रसंग सगळ्यांत जास्त आठवतो तो लिहून काढा. नवीन चित्रपटात तो गाळला असेल, तर त्याच्या जागी काय आलं ते पाहा. माझ्या अनुभवात गाळलेल्या प्रसंगांवरून दिग्दर्शकाची समज जास्त कळते.

आवडते विचारलेत. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 1937, प्रभातचे, व्ही. शांताराम यांचे. शांता आपटे आणि केशवराव दाते दोन्हींत, म्हणजे खरं तर यात मूळ आणि रिमेक असा भेदच नाही, एकाच चित्रपटाच्या दोन भाषा. म्हाताऱ्या नवऱ्याला स्वतःच्या वयाची वाटणारी भीती केशवरावांनी अशी दाखवली आहे की त्याचा रागही येतो आणि कीवही. मग 'अंगूर', 1982, गुलजार यांचा: त्याच्यामागे 1968 चा 'दो दूनी चार', त्याच्यामागे बंगाली 'भ्रांतिविलास', त्यामागे विद्यासागरांचं पुस्तक आणि सगळ्यांच्या मुळाशी शेक्सपिअर. इतक्या हातांतून गेलेली कथा इतकी ताजी राहते, संजीवकुमार आणि देवेन वर्मा यांना त्याचं मोठं श्रेय. आणि बिमल रॉय यांचा 1955 चा 'देवदास'. 1930 च्या दशकातल्या बरुआंच्या 'देवदास'चे छायाचित्रकार ते स्वतःच होते. एकदा कॅमेऱ्यातून पाहिलेली कथा वीस वर्षांनी त्यांनी दिग्दर्शक म्हणून हाती घेतली.

आता तुमची एकांकिका. संहिता हातात आली की भाषांतराला बसू नका. आधी प्रत्येक पात्रापुढे एका ओळीत लिहा की याला कशाची भीती आहे. मग स्वतःला विचारा, दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरात ही भीती कोणत्या रूपात येईल? गुजराती संहितेत समजा पेढी बुडण्याची धास्ती असेल, आणि तुमचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करणारं असेल, तर पेढी तशीच ठेवून फक्त आडनाव बदलू नका. त्या घराला काय बुडण्याची धास्ती असते? जुन्या वाड्याची वाटणी, मुलाचं परदेशी जाणं, निवृत्तीनंतर घरातला मान? त्यातलं जे मूळ भीतीच्या सगळ्यांत जवळ असेल ते घ्या. पात्रांना पुण्याची मराठी बोलायला लावू नका. बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द सहज येतात, ते राहू द्या, पण विनोदासाठी मुद्दाम पेरू नका. वाचन मोठ्यानं करा, निदान एका गुजराती भाषकासमोर, ज्यानं मूळ एकांकिका पाहिलेली आहे. जिथे तो हसायचा थांबेल किंवा अस्वस्थ व्हायचा थांबेल, तिथे तुमच्याकडून काहीतरी गळालंय.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी मूळ लेखकाची लेखी परवानगी घ्या. मानधनाचं तेव्हाच बोला, प्रयोग एकच असला तरी. शेवट किंवा पात्रं बदलणार असाल तर तेही आधी सांगा, बहुतेक लेखक मोकळेपणानं ऐकतात आणि कधी कधी आपणहून एखादा गाळलेला प्रसंगही देतात. जाहिरातीवर त्यांचं नाव तुमच्या नावाच्या वर छापा, तितक्याच मोठ्या अक्षरांत.